कर्मचारीही मीच, मालकही मीच: सोलो ४०१-केची मर्यादा काढताना

अमेरिकेत नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू केलेल्या माणसाला निवृत्तीसाठी वर्षाला किती रक्कम करसवलतीसह बाजूला ठेवता येते, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. भारतात पीपीएफची मर्यादा वर्षाला दीड लाख रुपये आहे. ती पानवाल्याला आणि डॉक्टरला सारखीच लागू होते, आणि त्यासाठी कोणाला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागत नाही. इथे मात्र मर्यादा व्यवसायाच्या नफ्यावर ठरते, तो नफा एका करातील निम्मी रक्कम वजा करून धरायचा असतो, आणि त्याच वर्षात काही महिने नोकरी केली असेल तर नोकरीतल्या योगदानाचाही हिशेब त्यात मिसळतो. २०२४ या करवर्षासाठी मला हे सगळे पहिल्यांदा करावे लागले. विवरणपत्र भरण्यासाठी मी एक प्रचलित सॉफ्टवेअर वापरले. त्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण मी सांगणार आहे ती अडचण या जातीच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये येऊ शकते.

आमचे घर टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला आहे. राज्याचा प्राप्तिकर नसल्यामुळे फक्त केंद्राचे विवरणपत्र भरावे लागते, ही एक सोय. एच-१बी व्हिसावर असताना स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. ग्रीनकार्ड हाती आल्यानंतर मी मे २०२४मध्ये नोकरी सोडली आणि वैद्यकीय उपकरणांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचे काम स्वतंत्रपणे सुरू केले. त्यामुळे त्या वर्षाचे माझे उत्पन्न दोन भागांत विभागले गेले. जानेवारी ते मे पगार होता आणि त्याचा डब्ल्यू-२ (कंपनी देते तो पगाराचा आणि कपातींचा दाखला) होता. जून ते डिसेंबर ग्राहकांकडून मिळालेली बिलांची रक्कम होती, जिचे १०९९-एनईसी फॉर्म (ग्राहकांनी दिलेले रकमेचे दाखले) आले आणि जी शेड्यूल सीवर, म्हणजे विवरणपत्रातल्या व्यवसायाच्या नफा-तोट्याच्या फॉर्मवर, गेली. नोकरीत असताना मी कंपनीच्या ४०१-के योजनेत, म्हणजे पगारातून निवृत्तीसाठी रक्कम बाजूला काढण्याच्या योजनेत, ९,००० डॉलर भरले होते. पुढे सर्वाधिक गोंधळ याच आकड्याने घातला.

स्वयंरोजगार करणाऱ्यांपुढे साधारणपणे दोन मुख्य पर्याय असतात: सेप आयआरए आणि सोलो ४०१-के. सेपचे कागद कमी असतात आणि ते खाते विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत, मुदतवाढ घेतली असेल तर त्या वाढीव मुदतीपर्यंत, उघडता येते. पण सेपमध्ये फक्त मालक योगदान देतो. सोलो ४०१-केमध्ये कायदा तुम्हाला एकाच वेळी दोन भूमिका देतो: कर्मचारी म्हणून तुम्ही आपल्या कमाईतून रक्कम बाजूला काढता आणि मालक म्हणून त्यावर नफ्याचा एक हिस्सा टाकता. या दोन भूमिकांच्या दोन वेगळ्या मर्यादा आहेत, आणि त्या दोन वेगळ्या गोष्टींना चिकटलेल्या आहेत. कर्मचाऱ्याची मर्यादा माणसाला चिकटलेली असते: २०२४मध्ये ती २३,००० डॉलर होती (पन्नाशी ओलांडलेल्यांना आणखी ७,५००), आणि तुम्ही कितीही ठिकाणी काम केले तरी सगळ्या ४०१-के योजना मिळून ती एकच. मालकाची मर्यादा व्यवसायाला चिकटलेली असते, आणि ती त्या व्यवसायाच्या नफ्यावर अवलंबून असते. दोन्ही मिळून एका व्यवसायाच्या योजनेत २०२४मध्ये पन्नाशीच्या आतील माणसाला ६९,००० डॉलरांपेक्षा जास्त टाकता येत नव्हते, पण माझ्यासारख्या मध्यम नफ्याच्या माणसाला त्या छताची काळजी करावी लागत नाही.

मी सोलो ४०१-के निवडले. त्यासाठी डिसेंबरमध्येच कागद करावे लागले: आयआरएसच्या (इथल्या प्राप्तिकर खात्याच्या) संकेतस्थळावरून ईआयएन, म्हणजे व्यवसायाचा ओळख क्रमांक, घेतला, योजनेचा करारनामा भरून त्यावर ‘मालक’ आणि ‘कर्मचारी’ अशा दोन्ही ठिकाणी मीच सही केली, आणि वर्ष संपण्यापूर्वी मी कर्मचारी म्हणून किती रक्कम बाजूला काढणार आहे हे एका कागदावर लिहून, तारीख घालून ठेवले. एकट्याने व्यवसाय करणाऱ्याला नव्या योजनेच्या पहिल्या वर्षी कर्मचाऱ्याचा हिस्सा एप्रिलपर्यंत ठरवण्याची सवलत सिक्युअर २.० कायद्याने आता दिली आहे. पण योजना चालवणारी प्रत्येक कंपनी ती सवलत कशी राबवते यावर विसंबून राहण्यापेक्षा ३१ डिसेंबरच्या आत सही करून मोकळे होणे मला बरे वाटले.

कर्मचाऱ्याचा हिस्सा काढणे तोंडी हिशेबाचे काम होते: २३,००० वजा ९,०००, म्हणजे १४,०००. तरी एक शंका होती, कारण जुन्या कंपनीने माझ्या योगदानाला जोड म्हणून स्वतःचे २,५०० डॉलरही टाकले होते. आमच्या मराठी मंडळात एक काका आहेत, ज्यांनी आयुष्यभर लोकांची विवरणपत्रे भरण्याचा व्यवसाय केला आणि जे आता निवृत्त आहेत. त्यांना मी फोन केला.

“काका, कंपनीने टाकलेले पैसेही त्या तेवीस हजारांत धरायचे का?”

“नाही गं. डब्ल्यू-२वर बारा नंबरच्या चौकटीत डी अक्षरापुढे काय लिहिलंय, तेवढंच बघ. तेवढेच तुझे. कंपनीचे तिचे ती बघेल.”

डीपुढे ९,००० होते. विषय संपला. (रॉथ पद्धतीने, म्हणजे वजावट न घेता आधी कर देऊन, भरले असते तर अक्षर एए असते, आणि तेही मोजावे लागले असते.)

मालकाच्या हिश्श्याचा हिशेब मात्र सावकाश करावा लागतो. पुस्तकांत आणि लेखांत सर्रास ‘२५ टक्के’ लिहिलेले असते, आणि बहुतेक लोक नफ्याला सरळ पाव करून मोकळे होतात. फेब्रुवारीत माझा शेड्यूल सीचा निव्वळ नफा ६०,००० डॉलर दिसत होता. त्या पद्धतीने १५,००० आले असते. खरा आकडा त्याहून बराच कमी आहे, आणि तो का कमी आहे हे एकदा हाताने केल्याशिवाय डोक्यात बसत नाही. म्हणून मी आयआरएसच्या ५६० क्रमांकाच्या प्रकाशनातील स्वयंरोजगारींसाठीचा तक्ता छापून घेतला आणि सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी तो पेन्सिलीने भरला.

पहिली पायरी सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सची. नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर कंपनी आणि कर्मचारी निम्मा-निम्मा भरतात. स्वतःचा व्यवसाय असेल तर दोन्ही निम्मे तुमचेच. नफ्याच्या ९२.३५ टक्क्यांवर १५.३ टक्के असा तो लागतो. ६०,०००चे ९२.३५ टक्के म्हणजे ५५,४१०, आणि त्यावर कर ८,४७८ डॉलर. सोशल सिक्युरिटीचा भाग २०२४मध्ये पगार आणि नफा मिळून १,६८,६०० डॉलरपर्यंतच लागत होता; माझी बेरीज त्याच्या आत असल्यामुळे पूर्ण दर लागला. या करातील निम्मी रक्कम, ४,२३९ डॉलर, नफ्यातून वजा करायची. उरले ५५,७६१. निवृत्तीच्या हिशेबात तुमची ‘कमाई’ इथून मोजायला सुरुवात होते.

आता पंचवीस टक्के. नियम असा आहे की मालकाचे योगदान कर्मचाऱ्याच्या मोबदल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत असावे. पगारदार कर्मचाऱ्याच्या बाबतीत पगार वेगळा आणि मालकाचे योगदान त्यावर वेगळे, त्यामुळे प्रश्न येत नाही. पण जिथे कर्मचारी आणि मालक एकच आहे तिथे योगदान त्याच कमाईतून निघते आणि मोबदला म्हणजे योगदान वजा केल्यानंतर उरलेली कमाई असे धरले जाते. उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही, असा हा प्रकार. शाळेतल्या बीजगणिताने तो सुटतो: २५ला १२५ने भागले की २० टक्के येतात. ५५,७६१चे २० टक्के म्हणजे ११,१५२ डॉलर. पडताळा घ्यायचा असेल तर ५५,७६१मधून ११,१५२ वजा करा, ४४,६०९ उरतात, आणि त्याचे पाव बरोबर ११,१५२ भरते. म्हणजे २५ टक्के खरेच आहेत, फक्त ते कशाचे हे सांगायला लोक विसरतात.

तर माझी एकूण मर्यादा १४,००० अधिक ११,१५२, म्हणजे २५,१५२ डॉलर. सेप घेतले असते तर फक्त ११,१५२वर थांबावे लागले असते. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून मी सॉफ्टवेअर उघडले.

सॉफ्टवेअर मुलाखतीसारखे चालते: ते एकेक पान दाखवते, प्रश्न विचारते, आणि उत्तरांवरून फॉर्म भरते. डब्ल्यू-२ सुरुवातीलाच भरून झाला होता, त्यातली १२ क्रमांकाची चौकट आणि तिच्यातले डी अक्षरही. नंतर व्यवसायाचे उत्पन्न आणि खर्च. मग निवृत्ती योजनांचे पान आले. त्यावर सेपसाठी एक चौकट, सिम्पल नावाच्या आणखी एका योजनेसाठी एक, वैयक्तिक, म्हणजे सोलो, ४०१-केसाठी दोन (ऐच्छिक कपात म्हणजे कर्मचाऱ्याचा हिस्सा, आणि नियोक्त्याचे म्हणजे मालकाचे योगदान) आणि सर्वांत खाली, मोठ्या आकर्षक अक्षरांत, एक खूण करायची जागा: ‘माझे कमाल योगदान काढून द्या.’

मी मुद्दाम ती खूण केली, कारण माझ्याकडे पडताळून पाहायला आकडा तयार होता. उत्तर आले ३४,१५२ डॉलर. मालकाचा हिस्सा ११,१५२ अगदी बरोबर काढला होता. कर्मचाऱ्याचा मात्र पूर्ण २३,००० धरला होता. काही पाने मागे भरलेल्या डब्ल्यू-२वरचे ९,००० त्या पानापर्यंत पोहोचलेच नव्हते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: वर्षभरात दुसऱ्या योजनेत केलेली ऐच्छिक कपात असल्यास ती वेगळी नोंदवा. त्या ओळीवर क्लिक केल्यावर एक छोटी खिडकी उघडली, तिच्यात मी ९,००० लिहिले, आणि आकडा २५,१५२वर आला.

मला सॉफ्टवेअरचा फारसा राग आला नाही. हिशेबाचा जो भाग खरोखर किचकट आहे, ती २० टक्क्यांची भानगड, तो त्याने निमूटपणे बरोबर केला होता. चूक झाली ती सोप्या वजाबाकीत, आणि तीही माहिती हाताशी असताना. पण माझ्या जागी कागदावर आधी हिशेब न करणारा कोणी असता, त्याने खूण केली असती, ३४,१५२ पाहून आनंद मानला असता आणि तेवढी रक्कम भरली असती, तर ९,००० डॉलर मर्यादेबाहेर गेले असते. कर्मचाऱ्याच्या हिश्श्यातील जादा रक्कम १५ एप्रिलपर्यंत त्यावरील कमाईसह परत काढली नाही, तर ती ज्या वर्षी भरली त्या वर्षी करपात्र ठरते आणि निवृत्तीनंतर काढताना पुन्हा करपात्र ठरते. एकाच पैशावर दोनदा कर.

पुढचा निर्णय पारंपरिक (आता वजावट, काढताना कर) की रॉथ याचा होता, आणि इथे मी अपेक्षेपेक्षा जास्त वेळ घालवला. छोट्या व्यवसायांना नफ्याच्या २० टक्क्यांची एक वेगळी वजावट मिळते, जिला इथे सगळे क्यूबीआय म्हणतात आणि जी ८९९५ क्रमांकाच्या फॉर्मवर निघते. ती ज्या नफ्यावर काढतात, त्यातून सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सचा निम्मा भाग आणि निवृत्ती योजनेची वजावट आधी वजा करावी लागते. म्हणजे मी पूर्ण २५,१५२ पारंपरिक पद्धतीने भरले, तर तेवढी वजावट मिळते खरी, पण क्यूबीआयची वजावट ११,१५२वरून ६,१२२वर घसरते. एका हाताने शंभर रुपये द्यायचे आणि दुसऱ्याने वीस काढून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. आमचा संयुक्त दर २२ टक्क्यांच्या टप्प्यात होता; व्यवसायातून केलेल्या पारंपरिक योगदानावर प्रत्यक्ष वाचणारा कर त्यामुळे साधारण १७.६ टक्केच पडत होता, आणि निवृत्तीनंतर पैसे काढताना मात्र तेव्हाचा दर पूर्ण लागणार. रॉथ पद्धतीने भरलेल्या रकमेची वजावट मिळत नाही, पण म्हणूनच ती क्यूबीआयलाही धक्का लावत नाही. शेवटी कर्मचाऱ्याचे १४,००० मी रॉथमध्ये आणि मालकाचा हिस्सा पारंपरिक पद्धतीने ठेवायचे ठरवले. १४,००० मी डिसेंबरमध्येच रॉथ उपखात्यात भरून ठेवले होते, तेव्हा हा हिशेब नव्हे तर ढोबळ अंदाज हाताशी होता. हिशेबाने त्याला दुजोरा दिला. इथेही सॉफ्टवेअरला स्पष्ट सांगावे लागते. ऐच्छिक कपातीच्या चौकटीत आकडा लिहिला आणि शेजारची ‘रॉथ’ची चौकट रिकामी राहिली, तर ते १४,०००ची वजावट बिनदिक्कत घेऊन टाकते.

जाता जाता एक गैरसमज, जो मला मंडळातल्या दोन-तीन व्यावसायिकांकडून ऐकायला मिळाला: निवृत्ती योजनेत पैसे टाकले की सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही कमी होतो. होत नाही. तो शेड्यूल सीच्या नफ्यावर लागतो, आणि हे योगदान शेड्यूल सीवर येतच नाही. ते शेड्यूल १च्या १६व्या ओळीत जाते, १५व्या ओळीतल्या त्या निम्म्या कराच्या लगेच खाली.

मग आले घरातल्या कार्यालयाचे पान. सॉफ्टवेअरच्या क्रमात ते निवृत्ती योजनांच्या नंतर का येते, हे मला आजही कळलेले नाही. माझी कामाची खोली १५ बाय १६ फुटांची आहे आणि तिथे कामाशिवाय दुसरे काही होत नाही. सोप्या पद्धतीने, चौरस फुटाला वर्षाला ५ डॉलर या दराने, २४० चौरस फुटांची बारापैकी सात महिन्यांची वजावट ७०० डॉलर झाली. नफा ६०,०००वरून ५९,३०० झाला; त्यामुळे सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स बदलला, त्याचा निम्मा भाग ४,१९० झाला, मूळ कमाई ५५,११० झाली, आणि मालकाच्या हिश्श्याची मर्यादा ११,१५२वरून ११,०२२वर आली. कमालची खूण तशीच असल्यामुळे सॉफ्टवेअरने नवा आकडा कोणतीही सूचना न देता बसवून टाकला. मी परत त्या पानावर गेले नसते, तर मला पत्ताही लागला नसता.

मालकाच्या हिश्श्याचे पैसे मी तोवर भरलेले नव्हते, म्हणून फरक पडला नाही. एखाद्याने जानेवारीतच घाईने ११,१५२ भरले असते, तर १३० डॉलर जास्तीचे झाले असते, आणि वजावट न मिळणाऱ्या अशा जादा योगदानावर १० टक्के दंडकर आणि ५३३० क्रमांकाचा फॉर्म ही दोन्ही लचांडे मागे लागतात. रक्कम किरकोळ आहे, पण तेरा डॉलरच्या करासाठी एक स्वतंत्र फॉर्म शिकणे मला तरी परवडले नसते.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विवरणपत्र पूर्ण झाल्यावर, ते पाठवण्यापूर्वी, मी ११,०२२ डॉलर भरले. योजनेच्या संकेतस्थळावर रक्कम टाकताना दोन निवडी कराव्या लागतात, आणि दोन्हींत निष्काळजीपणा महागात पडतो: योगदानाचा प्रकार, म्हणजे कर्मचाऱ्याचे की मालकाचे, आणि करवर्ष. एप्रिलमध्ये वर्षाची यादी उघडली की आधी २०२५ निवडलेले असते. २०२४ खाली जाऊन निवडावे लागते. पावती आल्यावर तिच्यावर दोन्ही गोष्टी छापलेल्या आहेत याची खात्री करून मी ती जपून ठेवली. विवरणपत्रावर १६व्या ओळीत एकच रक्कम दिसते आणि रॉथचा भाग तर कुठेच दिसत नाही. सेप किंवा साधे आयआरए असेल तर वित्तसंस्था ५४९८ फॉर्मने योगदानाची माहिती आयआरएसला कळवते. सोलो ४०१-केच्या बाबतीत तसा फॉर्म निघत नाही. योजनेतली रक्कम वर्षअखेर अडीच लाख डॉलरच्या वर गेल्यावर ५५००-ईझेड हा वार्षिक फॉर्म भरावा लागतो, तोपर्यंत या योजनेचे दप्तर म्हणजे तुमच्या कपाटातली फाइल. माझ्या फाइलमध्ये करारनामा, डिसेंबरचा तो तारीख घातलेला कागद, दोन पावत्या, डब्ल्यू-२ची प्रत आणि ५६०चा पेन्सिलीने भरलेला तक्ता एवढे आहे.

२०२५साठी कर्मचाऱ्याची मर्यादा २३,५०० आणि एकूण छत ७०,००० डॉलर झाले. ६० ते ६३ वयाच्या लोकांना त्या वर्षी ७,५००ऐवजी ११,२५० जादा टाकता येत होते, पण तो नियम माझ्यापर्यंत यायला वेळ आहे. त्या वर्षी नोकरी नसल्यामुळे ती वजाबाकी करावी लागली नाही आणि पूर्ण २३,५०० माझ्या वाट्याला होते, ते मी वर्षभरात थोडे थोडे भरायचे ठरवले. मालकाचा हिस्सा मात्र घरातल्या कार्यालयाचे पान आधी भरून, शेड्यूल सीचा शेवटचा आकडा पक्का झाल्यावरच टाकायचा, हेही ठरवले. २०२५साठी त्याची मुदत १५ एप्रिल २०२६ होती, आणि मुदतवाढ घेतली तर १५ ऑक्टोबर २०२६.